साखळीतला एकविसावा नंबर

आमच्या थोरल्या जाऊबाईंबद्दल कुणी वाईट बोललं की मला राग येतो, आणि कुणी चांगलं बोललं की त्याहून जास्त येतो. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. एकोणतीस वर्षं आम्ही एका घरात काढली. त्या खाली, मी वर, मध्ये एक लोखंडी जिना. मंडळीतल्या बायका हल्ली मला चर्चच्या फाटकापाशी गाठून हळूच विचारतात, "खरं काय झालं हो?" मी म्हणते, त्यांनाच विचारा की. तेवढी छाती कुणाची होत नाही.

तर खरं काय झालं ते मीच सांगते. एकदाच सांगते, पुन्हा विचारू नका.

जाऊबाई शिवणकाम करतात. खालच्या दोन खोल्यांपैकी पुढची म्हणजे दुकान. तीन मशिनी, कापायचं लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले कागदी नमुने. शाळेचे गणवेश, नर्सबायांचे कोट, गायनमंडळाचे झगे, सगळं त्यांच्याकडून जातं. माझे दीर गेले तेव्हा त्यांची एकुलती एक लेक, आमची चिऊ, अकरा वर्षांची होती. त्या दिवसापासून या बाईनं कुणापुढे हात पसरला नाही. कापड दोनदा मोजायचं, खडूची रेघ मारायची, पुन्हा मोजायचं, मग कात्री. मी एकदा म्हटलं, "अहो ताई, कापड काय पळून चाललंय का?" तर मान वर न करता म्हणाल्या, "तू आधी वर जा. तुझं दूध उतू जातंय." खरंच जात होतं. त्यांना खालून वास यायचा.

असं त्यांचं सगळं नेमकं. आणि मतंही तशीच, खडूनं रेघ मारल्यासारखी. पण एक मत कुठून आलं ते मला माहीत आहे. त्याचं मूळ माझ्यात आहे, म्हणून आधी ते सांगायला हवं.

माझं पहिलं बाळंतपण सातव्या महिन्यातच आटोपलं. मुलगी होती. रडली नाही, हलली नाही. दवाखान्यातल्या बाईनं ती कापडात गुंडाळून एका ट्रेमध्ये ठेवली आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्ही नेताय की आम्ही बघू?" नवरा माझा भिंतीकडे तोंड करून उभा. तेव्हा जाऊबाई घरी गेल्या, स्वतःच्या लग्नाचा पांढरा झगा पेटीतून काढला, त्याची एक बाही उसवली आणि तीन तासांत वीतभर अंगरखा शिवून आणला. मोहरीएवढी बटणं लावली होती त्याला. पोरीला त्यांनी कोमट पाण्यानं पुसलं, कपडे घातले आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "बघून घे. तुझी आहे." तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी सांगितलं, बाप्तिस्मा झालेला नाही, विधी करता येणार नाही. "नका करू," म्हणाल्या, "मी करते." दफनभूमीच्या कोपऱ्यात ही बाई चिखलात गुडघ्यांवर बसून मोठ्यानं प्रार्थना करत होती आणि ते पाळक छत्री धरून लांब उभे होते. हे मी कशी विसरू? म्हणून म्हणते, माझ्यासमोर त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. ती ठेवायला मी आहे.

तेव्हापासून पोटातला जीव म्हणजे त्यांच्या लेखी माणूसच. वाद नाही, अपवाद नाही. पुढे बायकांच्या सभेत त्या गर्भपातावर बोलायला लागल्या. बोलायच्या छान, ओरडायच्या नाहीत. एकदा मागच्या बाकावरून एका नर्सबाईनं विचारलं, "आणि एखादीवर जबरदस्ती झाली असेल तर?" सगळ्या बायकांनी माना मागे वळवल्या. जाऊबाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बापाचा गुन्हा म्हणून लेकराला फाशी? देवाच्या घरी असला न्याय नाही. त्या मुलीला आपण सांभाळू. लेकराचा काय दोष?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. चिऊ माझ्या शेजारी बसली होती. तिनंही वाजवल्या.

आता साखळीचं सांगते, कारण सगळं तिथंच शिजलं.

बायकांची प्रार्थना-साखळी ही जाऊबाईंची करामत. कुणावर संकट आलं की पाळकबाईंना, म्हणजे पाळकांच्या बायकोला, कळवायचं. त्या पहिला फोन करणार, ती दुसरीला, दुसरी तिसरीला, अशा बावीस बाया. घरोघरी प्रार्थना सुरू. आधी नुसतं तोंडी चालायचं. मग एका वडीलधाऱ्या गृहस्थांचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, तर बाराव्या घरी निरोप पोचेपर्यंत गृहस्थ वारले होते. दोघी बाया फुलं घेऊन त्यांच्या दारात. दार त्यांनीच उघडलं! तेव्हापासून जाऊबाईंनी नियम केले. निरोप लिहून घ्यायचा, शब्दन् शब्द वाचून दाखवायचा, मग पुढचीला फोन. नाव सांगायचं नाही. चौकशी नाही, चर्चा नाही. कुणी फोन उचलला नाही तर तिला वगळून पुढे जायचं. आणि बाविसाव्या बाईनं उलटा फोन पाळकबाईंना करून निरोप वाचायचा, म्हणजे वाटेत काही बदललं का ते कळतं.

बाविसावी मी. का विचारा. जाऊबाईंनी चारचौघींत सांगितलं होतं, "हिच्या तोंडाला कुलूप नाही. हिच्यापुढे सांगायला कुणी उरता कामा नये." बायका हसल्या, मीही हसले. एकविसाव्या नंबरवर एक म्हातारी होती, ती वारली. तिच्या जागी अठराव्या वाढदिवशी जाऊबाईंनी मोठ्या कौतुकानं चिऊला बसवलं. म्हणजे चार वर्षं मला निरोप यायचा तो चिऊकडूनच. "काकू, साखळी. पेन घे," एवढंच बोलायची. बाकी दिवसभर तोंड चालू, पण साखळीच्या वेळी अगदी आईची लेक.

चिऊ औषधांच्या एका घाऊक दुकानाच्या गोडाऊनमध्ये कामाला होती. खोकी मोजायची, मुदत संपलेला माल वेगळा काढायचा, यादीवर खुणा करायच्या. दुकान मालकाचं, पण गोडाऊन बघायचा त्याचा मेहुणा. एका संध्याकाळी उशिरा माल येतोय म्हणून त्यानं तिला थांबवून घेतलं आणि आतून शटर ओढलं. यापुढचं मी सांगणार नाही. तिनंही मला कधी सांगितलेलं नाही.

दोन महिने ती कुणाशी बोलली नाही. आम्हाला वाटलं, पोरगी कामानं दमते. डोळे होते ना आम्हाला? चार डोळे होते घरात. मग एका रविवारी उपासनेहून आल्यावर तिनं दुकानाचं दार लावलं आणि आईला सगळं सांगितलं. पाळी चुकल्याचंही सांगितलं.

हे मला जाऊबाईंनी नंतर सांगितलं, ते असं. ऐकून त्यांनी पाणी तापवलं. मग त्यांनी पोरीला मोरीत बसवलं आणि लहानपणी धुवायच्या तसे तिचे केस धुतले. दोघी रडल्या. केस पुसताना त्या म्हणाल्या, "नोकरी एकदम सोडू नकोस. लोक विचारतील." चिऊनं टॉवेल स्वतःच्या हातात घेतला. थोड्या वेळानं म्हणाली, "गुरुवारी दहाला त्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावलाय. तू येशील माझ्याबरोबर?" त्या डॉक्टरीणबाईंकडे बाया कशाला जातात ते अख्ख्या गावाला ठाऊक. जाऊबाईंनी कशाला जायचंय हे विचारलं नाही. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "मला प्रार्थना करू दे," म्हणाल्या.

सोमवारभर त्या मशिनीवर बसल्या आणि एक शिवण धड घातली नाही. बाई एकटी होती, हे मला आता कळतं. मी वरच होते की! पण माझ्या तोंडाला कुलूप नाही ना. मग त्यांनी मंगळवारी दुपारी चारला पाळकबाईंना फोन केला. कुणाची मुलगी ते सांगितलं नाही. "एका बहिणीनं कळवलंय, साखळीवर घाला," म्हणाल्या आणि निरोप लिहून दिला.

चिऊचा नंबर साखळीत आहे हे त्यांना आठवत नव्हतं का? पुरतं आठवत होतं. पण तिला वगळा म्हणायचं तर का वगळा ते सांगावं लागलं असतं. मग त्यांनी नेहमीसारखं मोजून-मापून केलं. चार ते सहाच्या मध्ये चिऊ कामावर. तिथं फोन कपाटात कुलूप लावून ठेवावा लागतो. फोन उचलला नाही की नियमानं तिला वगळून विसावी बाई थेट मला लावणार. साखळी सहाच्या आत संपते. पोरगी साडेसहाला घरी येते. कुठं काही चुकायला जागाच नव्हती.

फक्त चिऊ नऊ दिवसांपासून कामावर जातच नव्हती. त्या माणसाच्या समोर उभं राहवेना म्हणून सोडली होती नोकरी. आईनं "सोडू नकोस" म्हटल्यावर सोडली आहे हे सांगायचं राहिलंच. डबा घेऊन घरातून निघायची आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर साडेसहापर्यंत वेळ काढायची.

पावणेसहाला माझा फोन वाजला.

"काकू, साखळी. पेन घे."

मी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं. तिनं सावकाश सांगितलं, लिहून होईपर्यंत प्रत्येक वाक्यानंतर थांबत. "एका बहिणीच्या मुलीवर अत्याचार झाला आहे. ती गरोदर आहे. सैतान तिला गर्भपाताकडे ओढत आहे. गुरुवारी सकाळी दहाची वेळ ठरली आहे. देवानं त्या मुलीचा हट्ट मोडावा आणि लेकराचा जीव वाचवावा."

मी वाचून दाखवलं. "बरोबर," म्हणाली.

आणि मग मी, बाविसावी, काय केलं? म्हटलं, "अगं बाई गं! कुणाची असेल गं ही? ती तिसऱ्या रांगेतली का? तिची धाकटी हल्ली फार हिंडते." जीभ झडली कशी नाही माझी!

मग चिऊ म्हणाली, "काकू, चौकशी नाही. नियम आहे ना?" आणि फोन ठेवला. आवाज नेहमीचा होता. मी शपथेवर सांगते, नेहमीचाच होता.

मी पाळकबाईंना लगेच फोन लावला आणि निरोप वाचला. "वा, शब्दन् शब्द तसाच आलाय," त्या खूश होऊन म्हणाल्या. मग मी चिठ्ठी घेऊन तडक जिना उतरले, कारण एवढी बातमी पोटात ठेवून मला जेवण गेलं नसतं.

जाऊबाई काजं करत होत्या. मी म्हटलं, "ताई, ऐकलंत का साखळीवर काय आलंय?" त्या म्हणाल्या, "मिळाला ना निरोप? झालं तर मग. प्रार्थना कर." मी म्हटलं, "करतेच. पण चिऊचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला हो, सर्दी झालीय का तिला?" उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"चिऊचा?"

"मग कुणाचा? माझ्या आधी तिचाच नंबर नाही का?"

"ती कामावर आहे. तिचा फोन कपाटात असतो."

"मग कपाटच बोललं असेल माझ्याशी," मी म्हटलं, आणि हसले.

जाऊबाईंनी सुई टेबलावर ठेवली. सुई कधी त्या टेबलावर अशी ठेवत नाहीत, टाचण्यांच्या गादीतच खोचतात. त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली आणि वाचली, जशी काही पहिल्यांदाच वाचताहेत. मग एकदम म्हणाल्या, "तिनं तुला हे वाचून दाखवलं? सगळं? हट्ट मोडावा, हेसुद्धा?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिथंच गणवेशांच्या ढिगावर बसले. दोघींना पाणी द्यायला तिसरी कुणी नव्हती.

साडेसहाला चिऊ आली. चपला काढल्या, हात धुतले, डबा घासला. जाऊबाई दारात उभ्या होत्या, चिठ्ठी हातात. चिऊ म्हणाली, "आई, निरोप नीट पोचवला मी. एक शब्द बदलला नाही." मग आत जाऊन झोपली. जाऊबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या, पण तिनं तोंड भिंतीकडून वळवलं नाही.

सकाळी त्या गिऱ्हाइकाचे झगे पोचवायला गेल्या तेवढ्यात चिऊ बॅग घेऊन निघून गेली. मला मेसेज आला: "काकू, मी बरी आहे. शोधू नका."

गुरुवारी दहाला डॉक्टरीणबाईंच्या फाटकाबाहेर सात बाया उभ्या होत्या. निरोपात दवाखान्याचं नाव नव्हतं, पण गावात असा एकच. त्या वाईट बायका नव्हत्या हो. पाळकबाईंनी थर्मास भरून चहा आणला होता, त्या मुलीला द्यायला. एकीनं स्वेटर आणला होता. हळू आवाजात गाणी म्हणत होत्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मुलीकडे पाहत होत्या. जाऊबाईही गेल्या. न जाऊन सांगतात कुणाला? सव्वादहाला तोंडाला रुमाल लावलेली एक पोरगी आली, या सात जणींना पाहिलं आणि आल्या पावली परत फिरली. ताप आला असेल बिचारीला, नाहीतर आणखी काही. पाळकबाईंनी जाऊबाईंचा हात घट्ट दाबला. "देवानं ऐकलं," म्हणाल्या. जाऊबाई म्हणाल्या, "आमेन." पोरगी त्यांची नव्हती आणि त्या आमेन म्हणाल्या.

चिऊ दोन रविवार चर्चमध्ये दिसली नाही, तेव्हा सगळ्यांना कळलंच. नियमाप्रमाणे कुणी चौकशी केली नाही. फक्त दुकानाच्या पायरीवर टोपडी, मोजे, दुपटी येऊन पडू लागली. पाळकबाई एकदा आल्या आणि जाऊबाईंच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. "अहो, मला एका शब्दानं सांगायचं होतंत! मी एकविसावा नंबर गाळला असता." जाऊबाई म्हणाल्या, "तोच एक शब्द तोंडातून निघेना ना."

आणि तो मेहुणा? तो अजून त्याच गोडाऊनमध्ये आहे. त्याच्यासाठी साखळीवर कधी निरोप आला नाही. त्याचा हट्ट कुणाला मोडायचा नव्हता.

चिऊचा दर रविवारी मला एक मेसेज यायचा. "बरी आहे." बस्स. मी खाली जाऊन सांगायची. जाऊबाई म्हणायच्या, "बरी आहे म्हणजे दोघंही बरी आहेत." हे त्यांनी धरूनच ठेवलं. पोरगी लांब गेली ती बाळंतपण गुपचूप उरकायला, असंच सगळ्या मंडळीनं धरलं. जाऊबाई कॅलेंडरवर महिने मोजत होत्या. टेबलाखालच्या खणात छोटे कपडे साठत होते, पिवळे, म्हणजे मुलगा-मुलगी कुणालाही चालतील. मी एकदा चिडून बोललेच, "ताई, तुम्ही तिला विचारलं तरी होतंत का, तुला काय वाटतं म्हणून?" त्या म्हणाल्या, "तुझी लेक मी हातात घेतली होती. गार होती. तू विसरलीस?" मी म्हटलं, "नाही विसरले. म्हणूनच गप्प बसते." पण मला स्वतःला काय बरोबर वाटत होतं? विचाराल तर मला आजही सांगता येत नाही. कधी वाटतं, लेकराचा खरंच काय दोष? कधी वाटतं, मग पोरीचा तरी काय होता? देवाला माहीत असेल. मला एवढंच माहीत आहे की ते ठरवायला बावीस बायांची गरज नव्हती.

नववा सरला तेव्हा जाऊबाईंनी माझ्याकडून चिऊला फोन लावून घेतला आणि पहिल्यांदा स्वतः बोलल्या. "मी येते," एवढंच म्हणाल्या. चिऊनं पत्ता सांगितला. म्हणाली, "काकूला घेऊन ये."

बसनं पाच तास. जाऊबाईंच्या मांडीवर पिवळ्या कपड्यांची पिशवी. वाटेत त्यांनी मला सांगितलं की बाप्तिस्म्याचा झगा अजून बेतलेला नाही, अंगाचं माप घेतल्याशिवाय त्या कापड कापत नाहीत. बाई खूश होती हो. त्या मंगळवारपासून मी तिला अशी पाहिली नव्हती.

झेरॉक्सच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर चिऊची खोली. एक खाट, एक टेबल, गॅसची एक शेगडी, भिंतीवर हातभर लाकडी क्रूस. चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली होती तिला. केस कापले होते. बारीक झाली होती. खिडकीबाहेर दोरीवर दोन कुडते आणि एक टॉवेल वाळत होता. माझी नजर त्या दोरीवर गेली आणि मी समजले. जाऊबाईंचं लक्ष खाटेकडे होतं. त्या आवाज बारीक करून म्हणाल्या, "झोपलंय का?"

"कोण?" चिऊ म्हणाली.

मग तिलाही कळलं. ती खाली बसली, आईच्या समोर, जमिनीवर. "नाही गं आई," म्हणाली. "नाहीये."

जाऊबाई खाटेवर टेकल्या. पिशवी मांडीवर तशीच.

चिऊच बोलली. "त्या गुरुवारी मी फक्त विचारायला जाणार होते. ठेवलं तर काय काय होईल, नाही ठेवलं तर काय. मी काहीच ठरवलं नव्हतं. संध्याकाळी वाटायचं, ठेवावं, आपलं आहे. सकाळी उठलं की त्याचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा आणि अंग धुऊन धुऊन लाल व्हायचं. म्हणून तुला चल म्हटलं. तू बाजूला बसली असतीस, ऐकलं असतंस. मग मी..." ती थांबली. "मग काय केलं असतं ते मला माहीत नाही. खरंच नाही माहीत. मग निरोप आला. त्यात माझा हट्ट मोडायचा होता. आई, हट्ट नव्हताच गं माझा."

"मग इथं येऊन..." जाऊबाई म्हणाल्या.

"इथं एकटी होते. एकटीला नाही झेपलं."

खालच्या झेरॉक्स मशिनीचा घरघर आवाज येत होता. जाऊबाईंनी पिशवीची गाठ पुन्हा आवळली. मला वाटलं, आता सभेतलं काहीतरी बोलतील. मी तयारच होते, बोलल्या असत्या तर मीच त्यांचं तोंड दाबलं असतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी बोलले नसते तर ते आज असतं."

चिऊ हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. उठली आणि चहा टाकला.

आता सांगा, काय करायचं होतं मी? एका बाजूला ही बाई, जिच्या लेखी पोटातला जीव म्हणजे माणूस, आणि तिच्याच हिशोबानं तो तिनंच घालवला. दुसरीकडे ही पोरगी. मी चहा ढवळत बसले, साखर केव्हाच विरघळली होती तरी.

चहा पिऊन झाल्यावर चिऊनं आईला सांगितलं की ती त्या मेहुण्यावर तक्रार करणार आहे, वकीलबाई मिळाल्या आहेत, दोन साक्षी लागतील. "मी येते," जाऊबाई म्हणाल्या. लगेच म्हणाल्या. "बघू," चिऊ म्हणाली. आईला चप्पल घालताना तोल सांभाळायला तिनं हात दिला, एवढं मी पाहिलं. पिवळ्या कपड्यांची पिशवी जाऊबाईंनी परत उचलली.

दारात त्या थबकल्या. म्हणाल्या, "चिऊ, तू अजून प्रार्थना करतेस का गं?"

"करते की. रोज करते."

"माझ्यासाठी करतेस?"

"तुझ्यासाठीच करते," चिऊ म्हणाली. "पण कुणाला सांगत नाही."

जाऊबाईंनी मान हलवली. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही जिना उतरून बसस्टँडकडे निघालो.